पृष्ठ दोनशे चौदा

पडद्यावर जे पान उघडलं त्यावरचं एक वाक्य तिचं होतं. तिनं लिहिलेलं नव्हे. तोंडातून गेलेलं, एकतीस वर्षांपूर्वी, एका गुरुवारी दुपारी. सभागृहाच्या शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून ती उभी होती. हातात हजेरीचा कागद होता आणि सही न करता बसलेल्या तिघांना ती नजरेनं शोधत होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा 'खुलं संशोधन' सप्ताह चालू होता, त्यातला हा दुसरा दिवस. पुढे संगणक विभागाची प्रमुख बोलत होती. तिला सगळे बारकी म्हणत, कारण ती उभी राहिली तरी बसलेल्या माणसाएवढीच दिसे. पण आवाज असा, की ध्वनिक्षेपक उगाचच लावलाय असं वाटावं. बारकी सांगत होती, की आपल्याकडे लोक चार-चार वर्षं रक्त आटवून प्रबंध लिहितात, परीक्षक तो वाचतात, म्हणजे वाचला असं म्हणतात, आणि मग तो कपाटात जातो. जातो तो जातोच. आता तसं नाही. सहा महिन्यांपासून जुने प्रबंध एकेक करून संगणकावर चढताहेत; कुणीही, कुठूनही, फुकट वाचावेत. "हा बघा, सहज म्हणून एक उघडते," असं म्हणून तिनं यादीत कुठंतरी टिचकी मारली, पानं भराभरा सरकली आणि परिशिष्टातल्या एका पानावर येऊन थांबली.

काळजीवाहक : सारखं परवा परवा काय लावलंयस? गप्प बस ना गं. वेड लागेल मला.
रुग्ण : परवा. परवा. पर—
(आवाज)
(अकरा सेकंद शांतता)
रुग्ण : नको.

लोक हसले. ते हसू वाईट नव्हतं. आपल्याही घरी असंच चालतं, असं ओळख पटल्याचं हसू. "घरोघरी मातीच्या चुली," कुणीतरी म्हणालं. ती मात्र त्या कंसातल्या शब्दाकडे बघत राहिली. पांढऱ्या पडद्यावर तो शब्द तळहाताएवढा मोठा दिसत होता. दुसऱ्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीनं हात वर केला. "मॅडम, हा आवाज कसला असेल?" बारकीनं पडद्याकडे वळून पाहिलं. "काय की! ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण गंमत बघा, हा प्रश्न तीस वर्षांत कुणाला पडायचीही सोय नव्हती. आता खाली हे बटण आहे, 'प्रश्न विचारा'. तुमचा प्रश्न थेट प्रबंध विभागाकडे जातो आणि उत्तर इथं खाली सगळ्यांना दिसतं. आमच्या प्रबंधबाई बघतात ते काम. त्या काय, मागे उभ्या आहेत." साठ माना एकदम मागे वळल्या. तिनं हजेरीचा कागद छातीशी धरला आणि हसून मान हलवली. चेहऱ्यानं आपलं काम सोडलं नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं.

प्रबंधबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, सव्वीस वर्षांपूर्वी, आणि आता पगाराच्या कागदाखेरीज तिचं दुसरं नाव कुणाच्या ध्यानातही नसेल. पहिल्या मजल्यावरचा लांब खोलीवजा बोळ हा तिचा विभाग. दोन्हीकडे लोखंडी कपाटं, मध्ये एक टेबल, आणि एक खिडकी जिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे. तिथं दादाचाही प्रबंध होता. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ; आता लांबच्या शहरात भाषाशास्त्राचा प्राध्यापक, नावाजलेला. त्याच्या प्रबंधावरची धूळ ती इतरांसारखीच दर पंधरवड्याला पुसायची. पण उघडला कधी नाही. कुणी मागितलाच तर काढून द्यायची, परत आला की ठेवून द्यायची. सव्वीस वर्षांत दोघांनी मागितला होता. सहा महिन्यांपूर्वी बारकीच्या माणसांनी छायाप्रतींसाठी ढकलगाडीतून कपाटंच्या कपाटं खाली नेली, तेव्हा त्यात तोही गेला. तेव्हा तिला वाटलं होतं, जाऊ दे. जे कपाटात कुणी वाचलं नाही ते तिथं कोण वाचतंय.

आई व्याकरण शिकवायची. शाळेत, आणि घरीही. जेवताना कुणी चुकीचं वचन वापरलं तर घास हातात धरून दुरुस्त करायची. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. तिच्या जिभेला हाड नाही असं शेजारणी म्हणायच्या, पण तिच्याशिवाय त्यांचंही पान हलत नसे. मग एका सकाळी ती चुलीशी खाली बसली आणि उठली तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि सगळी भाषा गेलेली होती, एक शब्द सोडून. परवा. तोच का राहिला, कुणाला कळलं नाही. घर जळून जावं आणि नेमका एक चिमटा शिल्लक राहावा, तसा. पाणी हवं, परवा. खिडकी लाव, परवा. कोण आलंय, परवा? सुरुवातीला दोघं भावंडं कालनिर्णय उघडून बसायची, परवा काय होतं, परवा काय आहे. मग हळूहळू तिला सूर कळायला लागले. वर चढणारा परवा तहानेचा, घशातून येणारा दुखण्याचा, आणि एक हलका, शेवटी लांबवलेला, तो नुसताच गप्पांचा. त्याला फक्त 'हो ना' म्हणायचं. आईच्या व्याकरणाचं हे नवं पुस्तक जगात तिला एकटीला वाचता येत होतं आणि त्याचा तिला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटायचा. दादा तेव्हा प्रबंधाला विषय शोधत होता. त्याचे मार्गदर्शक त्याला म्हणाले, अरे, काखेत कळसा नि गावाला वळसा? घरी खाण असताना तू कुठं खणतोयस? तेव्हापासून आईच्या उशाशी टेपरेकॉर्डर आला. दादा सकाळी बटण दाबून जायचा आणि तिला सांगायचा, दुपारी बाजू बदल. बाकी तो तिथं आहे हे विसरून जा. ती विसरली. सांगितलं होतं तसंच अगदी विसरली.

त्या गुरुवारी तिला तीन वाजता बाहेर जायचं होतं. तिचंही तेव्हा प्रबंधासाठी नाव नोंदवून झालेलं होतं, पहिलं प्रकरण लिहून झालं होतं, आणि ते दाखवायला मार्गदर्शकांनी महिन्याभरानं वेळ दिली होती. इस्त्रीचे कपडे घालून, फाइल दाराशी ठेवून ती दोन वाजल्यापासून तयार होती. जमलं नाही. का जमलं नाही, हे ती पुढे स्वतःशीसुद्धा बोलली नाही. उचललेल्या हाताला कारण द्यायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं. तीन वाजले, साडेतीन वाजले, आणि आई चालू होती, परवा परवा परवा, त्यात कुठलाच ओळखीचा सूर नव्हता. पाणी दिलं, उशी फिरवली, खिडकी उघडली, लावली. परवा. मग तिनं ते वाक्य म्हटलं आणि मग तिचा हात आईच्या गालावर वाजला. वाजला हाच शब्द खरा. दुखलं किती ते आईलाच माहीत, पण आवाज भिंतीवरून परत आला. नंतरची शांतता किती होती हे तिला आज पहिल्यांदा कळलं. अकरा सेकंद. तिच्या हिशेबी ती अजून संपलेली नव्हती. त्या शांततेच्या टोकाशी आईनं तिच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट, वर्गात म्हणायची तसं, म्हटलं, नको.

संध्याकाळी दादा घरी आला. आईनं चमच्याकडे मान फिरवून पुन्हा 'नको' म्हटलं आणि दादा अक्षरशः नाचला. शेजाऱ्यांना बोलावून आणलं. दुसरा शब्द आला! त्यानं बहिणीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "हे तुझ्यामुळे झालं, बघ. तू दिवसभर तिच्याशी बोलतेस ना, त्यानं." तिनं हात सोडवून घेतले. नंतर पुष्कळ दिवस केस विंचरायला हात वर नेला, की आई डोळे मिटून 'नको' म्हणायची. मग ते बिचकणंही गेलं. दोन शब्दांवर आई अजून दोन वर्षं जगली. दादाच्या प्रबंधाचं सहावं प्रकरण त्या दुसऱ्या शब्दावर होतं आणि त्यावरच त्याला नोकरी लागली, नाव झालं. तिनं आपली फाइल पुन्हा उघडली नाही. दादानं ती टेप ऐकली असेल का, या एका प्रश्नावर तिची एकतीस वर्षं बेतलेली होती. ऐकली असेल तर त्याला माहीत आहे. माहीत असेल तर तो आपल्याशी तुटक का वागतो ते उघड आहे. नसेल, तर मग कशामुळे? दोघांचं भांडण असं कधी झालंच नाही. वर्षातून दोन फोन, तब्येतीची चौकशी, आणि पाणी दोन्हीकडून आटत गेलं.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी प्रश्न आलाच. त्या विद्यार्थिनीचा नव्हता. कुठल्याशा रुग्णालयात वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंचा होता. प्रबंध विभागाच्या संगणकावर, चहाचा कप बाजूला सरकवत तिनं तो वाचला.

"पृष्ठ २१४ वरचा आवाज कसला आहे? विचारण्याचं कारण सांगते. माझ्याकडे एक आजोबा येतात. त्यांच्याकडे 'बस' एवढा एकच शब्द उरला आहे. सहाव्या प्रकरणात लिहिलं आहे, की काळजीवाहकाच्या अखंड, प्रेमळ बोलण्यातून दुसरा शब्द आपोआप उमलला. मी ते आजोबांच्या सुनेला वाचून दाखवलं. चार महिने ती बिचारी घसा बसेपर्यंत त्यांच्याशी बोलते, गाणी म्हणते. काही झालेलं नाही. परवा ती मला म्हणाली, माझ्या मायेतच काहीतरी खोट असणार. म्हणून मी ते परिशिष्ट पुन्हा नीट वाचलं आणि इथं अडले."

तिनं खिडकी बंद केली, म्हणजे संगणकावरची. मग खणातून हरकतीचा अर्ज काढला. हा अर्ज तिनंच तयार केला होता. प्रबंध खुला ठेवण्यास हरकत असल्यास कारण नमूद करावे. कारणाच्या रकान्यात तिनं 'कुटुंबीयांची भावना' असं लिहिलं आणि खाली जाऊन बारकीला विचारलं, की असा अर्ज आला तर किती वेळात उतरवता येतो. "पाच मिनिटं," बारकी म्हणाली. "फक्त लेखकाची सही लागते. का हो, कोण कुरकुरतंय?" "आहेत एक," ती म्हणाली. बारकीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बाई, बरं नाही का तुम्हाला? दोन दिवस बघतेय, तुम्ही जेवायला खाली आला नाहीत." "डबा वर खाल्ला," असं सांगून ती जिना चढली. डबा तसाच होता. आपल्याला बरं नाही का असं इथं शेवटचं कुणी विचारलं त्याला किती वर्षं झाली, हे ती उगाच आठवत राहिली आणि तिला आठवलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन तिनं दादाला फोन लावला. दोन खोल्यांचं घर. तिथला प्रत्येक आवाज तिचाच असायचा. तिनं काही हलवलं नाही, तर काहीच वाजत नसे.

"कोण गेलं?" दादानं फोन उचलताच विचारलं.

"कुणी नाही. गेलेत तेवढे पुरेत."

"मग आत्ता कसा फोन? वाढदिवस तर नाही कुणाचा."

"दादा, दोनशे चौदा," ती म्हणाली.

त्यानं कुठलं दोनशे चौदा, असं विचारलं नाही. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बहुधा दार लावून घेतलं त्यानं. "कुणी विचारलं?"

"एका रुग्णालयातल्या बाई आहेत. उत्तर सगळ्यांना दिसतं."

"खिडकी," तो म्हणाला. "खिडकी आपटली असं लिही. तोंडी परीक्षेतही मी तेच सांगितलं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं होतं."

ती पलंगाच्या कडेवर बसली. म्हणजे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं ज्या दाराला कान लावून ती उभी होती, ते आतून उघडंच होतं.

"तू ऐकली होतीस टेप?"

"ऐकली होतीस काय विचारतेस! एकेक सेकंद लिहून काढलाय मी. तो भाग मी तीनशे वेळा तरी ऐकला असेन. पहिल्यांदा मला वाटलं, काही पडलं. मग तुझं रडणं ऐकू आलं. ते लिहिलं नाही मी."

ती रडली होती हे तिच्या लक्षातच नव्हतं. तिच्या आठवणीत त्या अकरा सेकंदांनंतर फक्त आई होती.

"मग बोलला का नाहीस कधी?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," दादा म्हणाला. "मग थांबायचीच सवय लागली. मला वाटायचं, तुला राग आहे माझा. आईच्या जिवावर डिग्री घेतली म्हणून."

"तसं कधी म्हटलं मी?"

"म्हणायला लागतं का?" मग त्याचा आवाज सावरून पुन्हा प्राध्यापकाचा झाला. "हे बघ, पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. त्या सहाव्या प्रकरणावर अजून लोक लिहितात. आता कुठं उकरत बसतेस? तुमच्याकडे हरकतीचा अर्ज असतो ना, पाठव. सही करतो. उतरवून टाक खाली. तुलाही नको, मलाही नको. मिटलं."

"हो," ती म्हणाली.

"जेवलीस का?"

"हो."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. मागायला गेली होती ते सगळं मिळालं होतं. न मागितलेलंही मिळालं होतं. भाऊ आपल्यावर रागावलेला नव्हता, त्यानं परीक्षकांसमोर आपल्यासाठी खोटं सांगितलं होतं. पण तिच्या डोळ्यासमोर कुठलीशी एक सून येत राहिली. तिचा चेहरा नव्हता, नुसता बसलेला घसा होता. एका म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बसून ती गाणी म्हणत होती आणि तो 'बस, बस' म्हणत होता, आणि ते ऐकून ती अजून जोरात म्हणत होती. आपणही त्या 'परवा'वर असंच बोलत सुटलो असतो, कुणी छापून दिलं असतं तर. कुणी छापून दिलं असतं, की दुसऱ्या एका घरी एका प्रेमळ मुलीनं आईला बोलतं केलं, तर आपण त्या मुलीला किती शिव्या घातल्या असत्या! आणि ती प्रेमळ मुलगी म्हणजे आपणच. एकतीस वर्षं ती मुलगी सहाव्या प्रकरणात बसून होती, हसतमुख, न थकणारी, आणि आज ती बाहेर पडून दुसऱ्याच्या घरात शिरली होती.

शुक्रवारी सकाळी ग्रंथालयात सगळ्यांच्या आधी आली ती तीच. पिशवी खुर्चीला अडकवली, दिवे लावले, आणि बसायच्या आतच तिनं उत्तर लिहायला घेतलं, कारण बसलं तर विचार येतो. चार ओळी लिहायला तिला पाऊण तास लागला. तिनं लिहिलं, की तो आवाज माझ्या हाताचा आहे. काळजीवाहक म्हणजे मी, त्या रुग्णाची मुलगी. त्या दुपारी मी आईला मारलं आणि त्यानंतर तिनं 'नको' म्हटलं. दुसरा शब्द मायेतून उमलला हे खरं नाही. कशातून आला ते मला सांगता येत नाही, पण त्या शब्दाचा अर्थ तिला नीट माहीत होता. मी तिच्याशी प्रेमानंही बोलत असे, तेही खरं आहे, आणि त्यानं काही झालं नाही. सुनेला सांगा, तिच्यात काहीही खोट नाही. तिला आठवड्यातून एक दिवस घराबाहेर जाऊ द्या. खाली तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. ते नाव तिलाच अनोळखी वाटलं. मग बटण दाबलं, आणि दादाला निरोप पाठवला : 'खिडकी लिहिलं नाही. अर्ज पाठवत नाही.'

त्याचं उत्तर आलं नाही. दुपारी सप्ताहाचा समारोप होता. कुलगुरूंचं भाषण झालं, ज्ञानाला दारं नसावीत वगैरे, आणि तिनं हजेरीचा कागद फिरवला. तिचं उत्तर कुणी वाचलं होतं, नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस आपला हात बघतोय असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात ते तिच्याकडे बघतही नव्हते, नेहमीसारखेच. शनिवार गेला. रविवारी तिनं सगळे कपडे धुतले, स्वच्छ असलेलेही. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा चुकीचा नंबर. दादा आता आपल्याशी कायमचा बोलायचा नाही, हे तिनं मनात धरूनच टाकलं. एका फोनपुरता भाऊ परत मिळाला होता. तो आपण चार ओळींत घालवला. रुग्णालयातल्या बाईंचं मात्र रविवारी संध्याकाळी उत्तर आलं, एका ओळीचं : 'वाचून दाखवलं. खूप वेळ रडली, मग माहेरी गेली दोन दिवस.'

सोमवारी अकराच्या सुमाराला बारकी स्वतः जिना चढून वर आली. हातात कागद होता. ती दारातच थांबली. एरवी ती दारात थांबत नसे, बोलतच आत येई. "बाई, हे आलंय. प्रबंधाला शुद्धिपत्र जोडायचं म्हणून लेखकानं सही करून पाठवलंय. नियमाप्रमाणे तुमची सही लागते, मग चढवते मी." तिनं कागद टेबलावर ठेवला आणि कपाटांकडे तोंड करून उभी राहिली. बारकीनं ते उत्तर वाचलेलं होतं, हे तिच्या पाठीकडे बघूनच कळत होतं.

कागद दादाच्या विभागाच्या छापील कागदावर होता. चष्मा पुसून तिनं तो वाचला.

'पृष्ठ २१४, ओळ ९ : "आवाज" याऐवजी "काळजीवाहकाने रुग्णाच्या गालावर मारले" असे वाचावे. ओळ १० नंतर "काळजीवाहक रडते" हे शब्द घालावेत. ही नोंद करताना दोन्ही गोष्टी संशोधकाला माहीत होत्या व त्याने त्या वगळल्या. त्यामुळे सहाव्या प्रकरणातील निष्कर्ष ग्राह्य धरू नये. काळजीवाहकाला त्या दिवशी तीन वाजता स्वतःच्या संशोधनासाठी बाहेर जायचे होते. दोन वाजल्यापासून रुग्णापाशी थांबण्याचे संशोधकाने कबूल केले होते. तो आला नाही. तो ग्रंथालयात वाचत बसला होता.'

तिनं ते दुसऱ्यांदा वाचलं नाही. कागद टेबलावर सरळ केला, त्याचा कोपरा दुमडला होता तो नखानं बसवला. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी कपाट ओढत होतं, लोखंड फरशीवर खरडत होतं.

"बाई," बारकी अजून पाठमोरीच होती. तिचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "शेवटची वाक्यं... म्हणजे शुद्धिपत्रात असं काही लिहीत नाहीत. ग्रंथालयात बसला होता, वगैरे. ती काढून टाकायला सांगू का त्यांना?"

तिनं पेन उचललं, खाली सही केली, तारीख घातली.

"नको," ती म्हणाली. "आहे तसंच चढव."